राघूची कच्ची आवृत्ती

वेतकाकांना फुकटचं कौतुक चालत नसे. "दिसत नसून काय सुरेख विणता हो," असं कुणी दुकानात म्हणालं, की हातातली वेताची पट्टी खाली ठेवून ते विचारत, "दिसणाऱ्या माणसानं विणलेल्या खुर्चीवर बसलायत कधी? नाही ना? मग सुरेख कशावरून?" गिऱ्हाईक ओशाळे आणि काका पुन्हा कामाला लागत.

काम कष्टाचं होतं. वेत आधी पाण्यात भिजवायचा. कमी भिजला तर वाकवताना तडकतो, जास्त भिजला तर वाळल्यावर सैल पडतो. मग चौकटीच्या भोकांतून पट्ट्या ओवायच्या. उभ्या, आडव्या, पुन्हा उभ्या, शेवटी तिरप्या. प्रत्येक पट्टी ताणून भोकात लाकडी खुंटी ठोकायची. एक खुंटी हलली की सगळी बैठक ढिली. इतकी वर्षं हे करून बोटांना घट्टे पडले होते. बायको एका लाँड्रीत इस्त्रीचं काम करायची. ती म्हणायची, "ह्यांनी गालाला हात लावला की गाल सोलून निघतो."

"तुझे हात काय मऊ आहेत? इस्त्रीनं पार भाजून ठेवलेयस," काका म्हणत.

दुकानाच्या मागच्या खोलीत दोन कॉम्प्युटर होते. एक रोजच्या वापराचा. दुसरा जुनाट, धापा टाकणारा, तो फक्त राघूसाठी.

राघू म्हणजे पडद्यावरचं लिखाण मोठ्यानं वाचून दाखवणारा प्रोग्राम. त्याचं खरं नाव भलतंच लांबलचक होतं, वापरणारे सगळे राघूच म्हणत. तो कुठल्या कंपनीचा नव्हता. ओपन सोर्स होता, म्हणजे आतली सगळी जुळणी कुणीही उघडून बघावी, दुरुस्त करावी, वापरावी. बनवणारी माणसं मूठभर, आपापल्या नोकऱ्या सांभाळून करणारी. त्यांची प्रमुख दिवसभर पोस्टाच्या खिडकीत बसायची. तिला सगळे बाई म्हणत.

पक्की आवृत्ती काढण्याआधी बाई एक कच्ची आवृत्ती काढत. चाचणीसाठी. परीक्षकांचा एक मेलचा ग्रुप होता, त्यावर ती आल्याचं कळायचं. ग्रुपवरचे मेल इंटरनेटवर कुणालाही वाचता येत, पण बाहेरचं कुणी तिकडं फिरकत नसे. काका त्या ग्रुपमधले सगळ्यांत जुने. जुन्या कॉम्प्युटरवर कच्चा राघू चढवायचा आणि एकेक कळ दाबून ऐकत बसायचं. कुठं शब्द गिळला, कुठं तेच दोनदा बोलला. चूक सापडली की मुद्दाम ती पुन्हा घडवून बघायची आणि मगच लिहायचं. "राघू अडखळतो" असं मोघम लिहिणाऱ्यांवर ते भडकत. "कुठं अडखळतो? काय दाबल्यावर? दर वेळी की कधीमधी? खुर्ची मोडली म्हणून सांगत येतात, पाय मोडला की पाठ, ते विचारावं लागतं!"

मध्ये एकदा ग्रुपमध्ये वाद झाला होता. एका उत्साही गड्याचं म्हणणं, कच्ची आवृत्ती आली की गावभर सांगावं. जास्त लोक वापरतील, जास्त चुका सापडतील. काकांनी ते उडवून लावलं. ज्याला चुका शोधायच्या आहेत त्याला ग्रुपवर कळतंच, बाकीच्यांनी पक्क्या आवृत्तीची वाट बघावी. कच्चं काम कारागिरांतच राहू दे. बाईंनी काकांची बाजू घेतली आणि वाद मिटला. काकासुद्धा नियम पाळायचे. कच्च्या राघूबद्दल घरातही बोलत नसत.

यंदाच्या कच्च्या आवृत्तीत राघूला नवा आवाज दिला होता. काकांनी पहिलं वाक्य ऐकलं आणि क्षणभर बोटं कळांवर तशीच राहिली. इतकी वर्षं राघू डब्यात तोंड घालून बोलल्यासारखा बोलायचा. आता तो माणसासारखा बोलत होता. काकांनी ग्रुपवर लिहिलं, "आवाज ऐकून जीव सुखावला. राघू पहिल्यांदाच माणसासारखा बोलतोय. पण पर्याय वाचताना तिसरा पर्याय गिळतो. पहिला, दुसरा आणि एकदम चौथा. दर वेळी. हे दुरुस्त होईपर्यंत ही आवृत्ती कुणाच्या हाती देऊ नये."

मेल पाठवला आणि काका वेत भिजवायला गेले.

पुढच्याच आठवड्यात दुपारी त्यांची भाची दुकानात आली. तिलाही लहानपणापासून दिसत नव्हतं. पाणीपुरवठा खात्यात कारकुनाची जागा निघाली होती, तिचा लेखी पेपर त्या दिवशी होता. अंधांच्या वाचनालयातल्या कॉम्प्युटरवर. वर्षभर पोरगी त्या पेपरासाठी राबली होती. दारातून आली ती काठी कोपऱ्यात न ठेवता खाली टाकून बसली.

"काय गं? कसा गेला?"

"गेला म्हणजे गेलाच, मामा."

"म्हणजे?"

"प्रश्नाला चार पर्याय. राघू तीनच सांगत होता. एक, दोन, चार. मी मागं जाऊन पुन्हा ऐकलं. तेच. हात वर केला. परीक्षेवर जे साहेब होते ते आले आणि म्हणतात, 'स्क्रीनवर चारही आहेत की. नीट बघा.'"

"नीट काय?"

"बघा. मला म्हणाले, नीट बघा. मी म्हटलं, बघता आलं असतं तर हा पोपट कशाला लावून बसले असते? तर म्हणतात, वाचून दाखवायची आम्हाला परवानगी नाही. आमच्यातली निम्मी मुलं रडत होती. मी रडले नाही. मी तिसरा पर्याय काय असेल याचे अंदाज करत बसले. आवाज मात्र काय गोड, मामा! एकदम माणसासारखा. इतक्या गोड आवाजात कुणी माझं वाटोळं केलं नव्हतं."

काकांच्या हातातली पट्टी सुटली आणि ताणलेली ओळ सरसर मागं आली.

"माणसासारखा आवाज? तो राघू वाचनालयात कुणी घातला?"

"कॉम्प्युटर सरांनी. काल सगळ्या मशिनींवर चढवला. भोंग्यानं सांगितलं होतं ना, नवा राघू आला म्हणून."

भोंगा हा इंटरनेटवरचा एक बातम्या सांगणारा. फुकट मिळणाऱ्या प्रोग्रामांचे व्हिडिओ करायचा आणि प्रत्येक वाक्य असं ओरडून म्हणायचा की लोकांनी त्याला तेच नाव ठेवलं होतं. भाचीनं फोनवर तो व्हिडिओ लावला. "मित्रांनो, नवा राघू आला! आजच घ्या! माझं सोडा, राघूचे सगळ्यांत जुने परीक्षक वेतकाका काय म्हणतायत ऐका. 'आवाज ऐकून जीव सुखावला. राघू पहिल्यांदाच माणसासारखा बोलतोय!' आता अजून काय पाहिजे?"

पुढचं वाक्य त्यानं वाचलंच नव्हतं. 'पण'च्या अलीकडं मेल कापला होता.

"मामा, हे तुम्ही लिहिलं होतं?" भाचीनं विचारलं.

"अर्धं मी लिहिलं," काका म्हणाले. "उरलेलं ह्या हरामखोरानं गिळलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते वाचनालयात निघाले. बायकोनं लाँड्रीत निरोप धाडला आणि चपला घातल्या. "एकटं सोडलं तर तिथं हाणामारी कराल."

कॉम्प्युटर सरही पूर्ण अंध. मवाळ माणूस. पण काकांनी त्यांना बसूसुद्धा दिलं नाही. "सर, परीक्षेच्या आदल्या दिवशी चालू मशीनला हात लावतात? आणि तोही कच्चा राघू? पोरांच्या पोटावर पाय दिलात तुम्ही!"

"कच्चा?" सर म्हणाले. "कच्चा कुठं लिहिलं होतं?"

"जिथून उतरवून घेतलात त्या पानावर असणार!"

"मग दाखवा. ही खुर्ची, हा कळफलक. तुम्हीच शोधा."

काका बसले. राघू उतरवून घ्यायचं पान उघडलं आणि वरपासून खालपर्यंत ऐकलं. राघू, आवृत्ती बारा, इथून उतरवा. बस. पुन्हा ऐकलं. शब्द शब्द सुटा करून ऐकलं. 'चाचणी' नाही, 'कच्ची' नाही, 'सावधान' नाही. त्यांना आजवर हे पान नीट ऐकायची गरजच पडली नव्हती. त्यांना ग्रुपवरूनच कळायचं.

"इकडं ये गं," ते बायकोला म्हणाले. "ह्या पानावर काय दिसतंय?"

बायको वाकली. "वर मोठी लाल पट्टी आहे. तिच्यावर ठळक लिहिलंय, 'फक्त चाचणीसाठी, कामाला वापरू नका.' एवढं मोठं लिहिलंय आणि तुम्हाला सापडत नाही?"

"पट्टी म्हणजे चित्र आहे?"

"चित्रच. आणि शेजारी तुमच्या राघूचं चित्र आहे, तो नारिंगी आहे. दुकानात रोजच्या कॉम्प्युटरवर हिरवा असतो की. कच्चा म्हणून नारिंगी केला असेल."

राघूला चित्रावरची अक्षरं वाचता येत नव्हती. आंधळ्यांसाठी बनवलेल्या प्रोग्रामावर इशारा लिहिला होता, तो रंगात. लाल आणि नारिंगी. काकांना आधी हसू आलं आणि मग त्या हसण्याची इतकी चीड आली की त्यांनी टेबलावर मूठ आपटली.

"सर, मी तुम्हाला उगाच बोललो."

"बोललात ते राहू द्या," सर म्हणाले. "पण एक सांगू का काका? तुम्ही दर शनिवारी इथं येता. चहा पिता, गप्पा मारता. हा राघू तिसरा पर्याय गिळतो हे तुम्हाला ठाऊक होतं. एक शब्द टाकला असतात तर?"

"कच्च्या आवृत्तीबद्दल बाहेर बोलायचं नाही असं ठरलंय."

"कुणी ठरवलं?"

काका उठले आणि काठी घेऊन दाराकडं निघाले. घरी आल्या आल्या त्यांनी भोंग्याला फोन लावला.

"अहो काका! व्हिडिओ ऐकलात ना? तुमचं नाव झालं की सगळीकडं!"

"माझा मेल अर्धा का वाचलास?"

"व्हिडिओ लहान ठेवावा लागतो हो. चुका बिका कोण ऐकत बसतं?"

"चुकाच ऐकायच्या असतात गाढवा! ती आवृत्ती चुका सांगायलाच काढलेली असते. माझ्या दुकानात अर्धी विणलेली खुर्ची मी भिंतीला उलटी टेकवून ठेवतो. कुणी चुकून बसू नये म्हणून. तू ती सरळ करून रस्त्यात मांडलीस आणि वर ओरडलास, या, बसा! माझी भाची बसली आणि खाली गेली."

मग भोंग्याचा आवाज उतरला. "भाचीचं वाईट झालं. खरंच. पण काका, तुमचंही चुकतंय. ओपन सोर्स म्हणता आणि दाराला आतून कडी घालून बसता. बाहेरच्याला काही सांगत नाही. मग आमच्यासारखे काहीतरी उचलतात आणि सांगतात. तुम्हीच नीट सांगितलं असतं तर मला काय कापायचं होतं?"

"तू कापलंस ते कापलंस. त्याचं खापर माझ्यावर फोडू नकोस."

"बरं, व्हिडिओ काढून टाकतो."

"काढून टाकू नकोस! काढलास तर ज्यांनी आधीच घेतलाय त्यांना कळणार कसं? पुन्हा बोल. माझा मेल पूर्ण वाच. आणि पहिल्यांदा ओरडलास तितक्याच जोरात ओरड."

भोंग्यानं नवा व्हिडिओ केला. तितक्या जोरात नव्हता. नेहमी ओरडणारा माणूस त्या दिवशी कुणी आजारी असल्यासारखा हळू बोलला. काकांना ते आणखी लागलं. पण मेल त्यानं शेवटपर्यंत वाचला.

संध्याकाळी बाईंचा फोन आला. पोस्टातून सुटून आल्या होत्या, आवाज दमलेला. "वेतकाका, ती पट्टी म्हणजे आमची चूक आहे. गाजावाजा करायचा नाही असं ठरलं, तेव्हा पानावर फारसं लिहायचं कशाला, असं आम्ही धरलं. येणारे सगळे माहीतगारच असणार. दिसणाऱ्या कुणीतरी पट्टी केली आणि ती कधी ऐकून बघावी हे एकाच्याही डोक्यात आलं नाही."

"माझ्याही," काका म्हणाले.

त्यांना सरांचा प्रश्न अजून टोचत होता. गप्प बसायचं कुणी ठरवलं? त्यांनीच तर हट्टानं ठरवून घेतलं होतं.

ग्रुपवर त्या रात्रीपासून गदारोळ सुरू झाला. एक जण म्हणाला, कच्च्या आवृत्तीचं पान आता कुलुपात ठेवा. दुसरा म्हणाला, आपण फुकट राबतो, वर शिव्याही खायच्या का? तो उत्साही गडी मात्र काही बोलला नाही. आपलं खरं झालं म्हणून नाचायचं की खोटं ठरलं म्हणून पस्तावायचं, हे त्याला बहुधा उमगत नव्हतं. काकांनी लिहिलं, "कुलूप लावू नका. मी लपवा म्हणत होतो, ते चुकलं. लपवलं की ज्याला सावध करायचं त्यालाच कळत नाही आणि जो कापून विकतो त्याला बरोबर सापडतं. दर कच्ची आवृत्ती जाहीर करा. पहिल्या ओळीत चुका लिहा, कौतुक शेवटी. अक्षरांत लिहा, चित्रात नको. आणि कच्चा राघू सुरू झाला की आधी त्यानं स्वतःच्या तोंडानं म्हणावं, मी कच्चा आहे, माझ्यावर विसंबू नका. दर वेळी."

लगेच कुणीतरी कुरकुरलं. दर वेळी ऐकून परीक्षकांना वैताग येईल.

"यायलाच पाहिजे," काकांनी उलट लिहिलं. "वैताग यावा म्हणूनच आहे."

हे सगळं झालं, पण भाचीचा पेपर तसाच होता. काका तिला घेऊन परीक्षेच्या कचेरीत गेले. अधिकाऱ्यानं कागद चाळल्याचा आवाज केला. "मशीन चालू होती, वीज होती, वेळ पूर्ण दिला. आमच्याकडून कसूर नाही. हा प्रोग्राम फुकटातला ना? मग त्याची जबाबदारी कुणाची?"

"प्रोग्राम फुकटातला, परीक्षा तुमची," काका म्हणाले. "पेपरातली एक ओळ छापायची राहिली असती तर छापखान्याकडं बोट दाखवून चहा प्यायला गेला असता का?"

"आवाज चढवू नका."

"चढवतो! तुमचा माणूस आंधळ्या पोरीला म्हणतो, नीट बघ. तेव्हा कुणाचा आवाज चढला नाही. आता माझा चढू दे."

भाचीनं त्यांची बाही ओढली. "मामा, मी बोलते." मग ती शांतपणे म्हणाली, "साहेब, मला मार्क वाढवून नकोत. मला फक्त चारही पर्याय ऐकायचे आहेत. त्यानंतर नापास करा."

अधिकारी बराच वेळ पेन आपटत बसला. शेवटी म्हणाला, राघू बनवणाऱ्यांनी दोष लेखी मान्य केला आणि वाचनालयानंही कबूल केलं, तर त्या मशिनींवर बसलेल्या उमेदवारांचा पेपर पुन्हा घेता येईल.

ग्रुपमधले दोघे घाबरले. राघूसोबत आधीपासूनच लिहिलेलं असतं, की आपापल्या जोखमीवर वापरा. आता आपण लेखी दिलं तर उद्या कुणीही आपल्याला कोर्टात खेचेल. बाईंनी त्यांचं ऐकून घेतलं आणि पत्र स्वतःच्या सहीनं पाठवलं. सरांनीही आदल्या दिवशी आवृत्ती बदलल्याचं स्पष्ट लिहून दिलं. त्यात त्यांची नोकरीही गेली असती. वाचनालयानं त्यांना नुसती समज दिली. काकांनी त्यांच्या घरी जाऊन मोडकी आरामखुर्ची उचलून आणली. पैसे घेणार नाही, म्हणाले.

"कौतुक म्हणून का?" सरांनी विचारलं.

"भरपाई म्हणून. आणि नीट वापरा. पुन्हा मोडलीत तर पैसे घेईन."

पेपर पुन्हा झाला. त्या दिवशी वाचनालयाच्या मशिनींवर जुना, पक्का राघू होता, डब्यात तोंड घालून बोलणारा. सरांनी पहाटे येऊन प्रत्येक मशीनवर बसून नमुन्याच्या प्रश्नाचे चारही पर्याय ऐकून घेतले होते. काका आणि त्यांची बायको बाहेरच्या बाकावर बसले. आतून कळांची टकटक ऐकू येत होती. मधूनच कुणी खोकलं की काकांची मान वर व्हायची.

"इतका वेळ कुणाचा हात वर झाला नाही," बायको दाराच्या फटीतून बघून म्हणाली.

"तू काय पहारा करतेयस?"

"तुम्हाला सांगायला बघतेय. नको असेल तर बसते."

"बघ, बघ."

दार उघडलं. मुलं काठ्या टेकत बाहेर आली. भाची भिंतीला हात लावत काकांच्या आवाजाकडं आली आणि काठी शेजारी टाकून बाकावर धपकन बसली.

"काय झालं?" काकांनी विचारलं. "राघू?"

"राघूचं काही बिघडलं नाही. रडका आवाज, पण चारही पर्याय स्वच्छ." तिनं मोठा सुस्कारा सोडला. "शेवटच्या गणिताचे चारही पर्याय ऐकले, मामा. पुन्हा पुन्हा ऐकले. एकही पटेना."

काका उठले आणि त्यांनी तिची काठी तिच्या हातात दिली. "मग ठीक आहे. आता नापास झालीस तर तुझी तू होशील."

"अहो, जरा बरं बोला की!" बायको ओरडली.

भाची मात्र हसत होती. "बरोबर बोलतायत ते, मामी," ती म्हणाली. "गणित मलाच येत नव्हतं."